आपल्याच घरावर तोफ: ब्लेअर अ‍ॅथॉलचे पाच दिवस

पहिला दिवस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे शाकारणीचे दिवस. भोर तालुक्यातल्या आमच्या गावी जुना वाडा आहे. पाऊस लागायच्या आत त्याची कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवावी लागतात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर त्या वाड्याला चौदा नावं लागलेली आहेत. निघायच्या आदल्या रात्री दादानं, म्हणजे माझ्या चुलत भावानं, घरच्या ग्रुपवर माजघराच्या आढ्याचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘यंदा शाकारायचं ना?’ एडिनबराहून गाडी सुटली तेव्हा मी पाहिलं, चौदांपैकी एकाचंही उत्तर आलेलं नव्हतं. माझंही नव्हतं.

माझा भाचा एडिनबराला नोकरी करतो. त्यानं विचारलं होतं, “मावशी, तुला नक्की काय बघायचंय? लेक, डोंगर, व्हिस्की?” मी म्हटलं, “मला एखादं घर दाखव. सातशे वर्षं एकाच जागी उभं असलेलं.” त्यानं ब्लेअर अ‍ॅथॉल निवडलं. अ‍ॅथॉलच्या ड्यूकचं, म्हणजे मरे घराण्याचं ठाणं. स्कॉटलंडमधल्या पर्थशायरच्या उत्तर भागात, जिथून खरी हायलँड, म्हणजे डोंगराळ मुलूख, सुरू होते तिथे.

वाटेत डनकेल्डला उतरलो. टे नदीच्या काठचं छोटं गाव. मरे घराण्याचा दुसरा मोठा वाडा इथे होता. कॅथीड्रलचा पुढचा भाग बिनछपराचा, नुसत्या भिंती आणि कमानी. मागच्या भागात मात्र अजून चर्च भरतं. त्याच्या पलीकडे कुंपणाशी एक झाड आहे, त्यासाठीच मी आले होते. लार्च. १७३८ साली लावलेलं.

ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातून एका जमीनदारानं लार्चची रोपं सामानात आणली आणि त्यातली काही ड्यूकला दिली, अशी इथली हकिगत. त्या मूळ रोपांपैकी हे एवढंच झाड उरलंय. बुंध्याला हात लावला. साल जाड, भेगाळलेली, तांबूस, खवल्याखवल्यांची. वर पाहिलं तर त्या म्हाताऱ्या अंगावर इतकी कोवळी पालवी, की हात पुढे केल्याशिवाय राहवेना. लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पान गाळतं आणि वसंतात नव्यानं फुटतं. खाली वाकलेल्या एका डहाळीवर सुयांचे बारीक झुबके होते, पोपटी, ओल्या शेवयांसारखे मऊ. बोटानं दाबलं तरी टोचत नव्हते.

चौथा ड्यूक जॉन (१७५५ ते १८३०) या झाडाच्या नादी लागला आणि आयुष्यभर लावतच राहिला. त्याला ‘प्लँटर ड्यूक’ म्हणतात. त्याच्या हयातीत या डोंगरांवर एक कोटीहून जास्त लार्च लागले. त्यामागे हिशेब होता. नौदलाला लाकूड हवं होतं, ओक तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं घेतो, लार्च त्याच्या निम्म्या काळात हाताशी येतो आणि पाण्यात लवकर कुजत नाही. १८२० साली लार्चच्या लाकडाची ‘एचएमएस अ‍ॅथॉल’ ही युद्धनौका वूलिचच्या गोदीतून पाण्यात उतरली. पुढे लोखंडी जहाजं आली आणि लावलेलं रान तोडायला तयार होईतो त्याचं गिऱ्हाईकच संपलं. झाडं राहिली. गावामागच्या क्रेगीबार्न्सच्या कड्यावर माणूस पोचेना, तेव्हा डब्यांत बी भरून ते तोफेनं कड्यावर उडवलं असं सांगतात. कडा आज हिरवागार आहे.

अलीकडे स्कॉटलंडभर लार्चवर एक रोग पडलाय. लागण झालेल्या झाडांबरोबर आसपासचा पट्टाही तोडावा लागतो. गाडीतून जाताना एका उतारावर नुसते बुडखे दिसले. भाचा काहीतरी बोलत होता, माझं लक्ष लागलं नाही.

रात्री नऊ वाजता ब्लेअर अ‍ॅथॉलला पोचलो तेव्हा लख्ख उजेड होता. उतरायचं ठिकाण स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पण आमची खोली दुसऱ्याच कुणाला देऊन टाकलेली. अर्धा तास ताटकळल्यावर माळ्यावरची एक चिमुकली खोली मिळाली. खिडकीतून झाडांच्या वर एक पांढरा बुरूज दिसत होता, म्हणून मी तक्रार केली नाही.

दुसरा दिवस

गावातल्या फाटकापासून वाड्यापर्यंत लिंडेनच्या झाडांची सरळ ओळ जाते आणि टोकाला ब्लेअर कॅसल उभं राहतं. पांढरंशुभ्र. दगडावर चुन्याचा गिलावा, निमुळते बुरूज, मागे काळपट हिरवा डोंगर.

त्याचा सगळ्यात जुना बुरूज १२६९ सालचा. त्याची कथा ऐकून मला थेट आपल्याकडची भावकी आठवली. अ‍ॅथॉलचा त्या वेळचा अर्ल धर्मयुद्धावर गेला होता. परत येऊन पाहतो तर बॅडनॉकच्या कॉमिन नावाच्या शेजाऱ्यानं याच्या जमिनीत येऊन बुरूज बांधायला घेतलेला! आपल्याकडे बांध कोरतात, तिथे बुरूजच उठवला. अर्ल राजाकडे फिर्याद घेऊन गेला. जमीन त्याला परत मिळाली, आणि बुरूजही. त्याला आजही ‘कमिंगचा बुरूज’ म्हणतात. ज्यानं बळकावलं त्याचं नाव सातशे वर्षं चालू आहे.

मरे मंडळी इथे लग्नसंबंधातून आली, १६२९ साली. १७०३ मध्ये राणी अ‍ॅननं त्यांना ड्यूक केलं. आणि त्या दोन सालांच्या आसपासच या घराण्याची ती सवय दिसू लागते, जिला आपल्याकडे ‘दोन डगरींवर हात’ म्हणतात. १६८९ मध्ये पदच्युत राजा जेम्सच्या बाजूनं हायलँड उठलं, तेव्हा अ‍ॅथॉलचा मार्क्विस तब्येतीचं कारण सांगून इंग्लंडात बाथच्या झऱ्यांवर जाऊन राहिला. त्याचा मुलगा नव्या राजाच्या बाजूनं, तर त्याच्याच कारभाऱ्यानं वाडा जुन्या राजासाठी धरून ठेवलेला. कोणीही जिंकलं तरी वतन शाबूत. आम्ही भोरकडची माणसं कान्होजी जेध्यांची गोष्ट ऐकत वाढलो. अफझलखान चालून आला तेव्हा पाच मुलांना घेऊन महाराजांपुढे उभे राहिले आणि वतनावर पाणी सोडलं. शेजारच्या उत्रौळीचा खंडोजी खोपडा मात्र खानाला मिळाला. म्हणून मला या घरात आधी एकच गोष्ट शोधायची होती. इथे कुणी पाणी सोडलं का?

सोडलं. त्याचं नाव लॉर्ड जॉर्ज मरे.

पहिल्या ड्यूकचे तीन मुलगे, विल्यम, चार्ल्स आणि जॉर्ज, १७१५ च्या जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत राजा जेम्सच्या घराण्याच्या पाठीराख्यांच्या, उठावात सामील झाले. बाप सरकारबरोबर. उठाव फसला. थोरल्या विल्यमचा हक्क पार्लमेंटनं कायदा करून काढून घेतला आणि ड्यूकपद मधल्या जेम्सकडे गेलं. जेम्स राजनिष्ठ, शांत, घर सजवायची हौस असलेला माणूस. तीस वर्षांनी, जुलै १७४५ मध्ये, त्या पदच्युत राजाचा नातू, राजपुत्र चार्ल्स एडवर्ड, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला. ग्लेनफिननला त्याचं निशाण उभारलं ते याच विल्यमनं, संधिवातानं वाकलेल्या हातांनी. ऑगस्टअखेरीला फौज ब्लेअरला आली. ड्यूक जेम्स आधीच निघून गेला होता, त्यामुळे त्याच्या घरात यजमान म्हणून विल्यम उभा. आणि इतकी वर्षं माफी घेऊन शेतीवाडीत रमलेला जॉर्ज पन्नाशीत पुन्हा तलवार बांधून आला. त्याला सेनापती केलं. जॅकोबाइट फौजेत त्याच्याइतका जाणता माणूस दुसरा नव्हता.

मार्च १७४६ पर्यंत बाजी उलटत आली होती. वाड्यात आता सरकारी शिबंदी, सर अँड्र्यू अ‍ॅग्न्यू या तापट म्हाताऱ्याच्या हाताखाली. १७ मार्चच्या पहाटे लॉर्ड जॉर्जनं अ‍ॅथॉलमधल्या सुमारे तीस चौक्या एका रात्रीत उचलल्या आणि ब्लेअरला वेढा घातला. ज्या घरात तो वाढला त्या घराला. त्याच्याकडे दोन हलक्या तोफा. सात फूट जाडीच्या भिंतींना त्यांचं काही वाटेना, म्हणून त्यानं गोळे भट्टीत लाल करून छपरावर सोडले, की घर आतून पेटावं.

मी ज्या दालनात हे वाचत होते तिथून छपराखालचे वासे दिसत नाहीत. पण मला डोळ्यांसमोर आमच्या माजघराचं आढं आलं, दादानं फोटोत दाखवलेलं. ते पेटवायचं म्हणजे काय, हे ज्यानं त्या आढ्याखाली झोपून बालपण काढलंय त्यालाच कळेल. शिबंदीच्या लोकांनी लाकडात रुतलेले तापलेले गोळे मुदपाकखान्यातल्या लोखंडी डावानं उचलले आणि पिंपांत बुडवले. घर वाचलं ते स्वयंपाकघरातल्या एका डावानं.

आतल्यांवर घोडी मारून खायची वेळ आली होती. आणखी काही दिवस मिळते तर वाडा पडला असता. पण खालून सरकारच्या मदतीची हेसियन, म्हणजे जर्मन, फौज जवळ आली आणि राजपुत्राचा इन्व्हर्नेसला परतण्याचा हुकूम आला. एप्रिल लागता लागता लॉर्ड जॉर्ज वेढा उठवून निघून गेला. ब्रिटनमध्ये वेढा पडलेला हा शेवटचा किल्ला. पंधरवड्यानं, १६ एप्रिलला, कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचं सगळं संपलं. विल्यम जुलैत लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतच वारला. जॉर्ज परागंदा झाला आणि १७६० साली हॉलंडमधल्या मेडेम्ब्लिक गावी मेला. तिथेच त्याची कबर आहे. ब्लेअरला तो पुन्हा आला नाही.

राजपुत्राचं आणि त्याचं पटत नव्हतं, हरण्याचं खापरही पुष्कळांनी त्याच्यावर फोडलं. मला मात्र तो या साऱ्या दालनांतला सगळ्यात सरळ माणूस वाटला. त्यानं दुसरा हात दुसऱ्या डगरीवर ठेवलाच नाही.

दिवाणखान्यात एका मोठ्या चित्रासमोर मी किती वेळ बसले, भाचा दोनदा येऊन बघून गेला. योहान झोफनीनं १७६५ ते १७६७ च्या सुमारास काढलेलं तिसऱ्या ड्यूकच्या कुटुंबाचं चित्र. हाच झोफनी पुढे हिंदुस्थानात येऊन लखनौच्या नवाबी दरबारात रमला. डनकेल्डजवळ टे नदीचा काठ, आई, वडील, सात मुलं, झाडावर एक लेमूर चढलेला. घरात पाळलेला प्राणी असावा तसा निवांत. सगळ्यांचे कपडे उजळ, पाठीमागे डोंगर.

हा तिसरा ड्यूक म्हणजे लॉर्ड जॉर्जचा थोरला मुलगा! जेम्सला मुलगा उरला नाही. एक मुलगी, शार्लट. तिचं लग्न चुलतभावाशी, म्हणजे बंडखोर काकाच्या मुलाशी झालं. जेम्स १७६४ साली वारला तेव्हा प्रश्न उभा राहिला, राजद्रोह्याच्या मुलाला वारसा मिळतो का? त्यानं उमरावांच्या सभेत अर्ज केला आणि तो मान्य झाला. ज्या घरावर बापानं तापलेले गोळे टाकले, तेच घर मुलाकडे आलं. नंतरचे सारे ड्यूक लॉर्ड जॉर्जच्याच वंशातले आहेत. शार्लटकडून आइल ऑफ मॅन या बेटाची मालकीही आली होती, ती १७६५ मध्ये सरकारला ७०,००० पौंडांना विकली.

चित्रातली ती नदी मी पुन्हा पुन्हा पाहत होते. १७७४ साली, आजारपणाच्या भ्रमात, हा तिसरा ड्यूक डनकेल्डला त्याच टे नदीत बुडून मेला.

बाकीच्या दालनांबद्दल थोडक्यात. नक्षीचा गिलावा, रेशमी पलंग, पहिल्या चार्ल्स राजासाठी विणलेले ब्रसेल्सचे भिंतपडदे, शिंगांनी भरलेला नाचाचा दिवाणखाना. तिथे नील गो या डनकेल्डजवळच्या फिडलवादकाची आठवण जपली आहे. तीन ड्यूकांनी त्याला पोसलं, त्याच्या चाली स्कॉटलंडभर अजून वाजतात. वाड्याचा आजचा मध्ययुगीन थाट मात्र जुना नाही. दुसरा ड्यूक जेम्स, त्यानं बुरुजांचे शेंडे उतरवून त्याचं सपाट, शहरी घर केलं होतं. बुरूज आणि चर्या परत चढल्या १८७० च्या सुमारास, डेव्हिड ब्राइस या वास्तुकाराच्या हातून.

शेवटी कॅथरिन, आठव्या ड्यूकची पत्नी. १९२३ मध्ये स्कॉटलंडमधून निवडून आलेली पहिली स्त्री खासदार. आणि हीच बाई आधी स्त्रियांच्या मताधिकाराच्या विरोधात होती. स्पेनच्या यादवीत तिनं प्रजासत्ताकाची बाजू घेतली, म्हणून तिला ‘रेड डचेस’ म्हणू लागले. हिटलरशी तडजोड करण्याला विरोध म्हणून तिनं १९३८ मध्ये राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढवली आणि हरली. तिच्याबद्दल माझ्या मनात आदर दाटला होता. पण १९३५ मध्ये हिंदुस्थानला थोडीफार स्वायत्तता देणाऱ्या कायद्यालाही तिचा विरोध होता. स्पेनच्या मुलांसाठी जीव तोडणाऱ्या बाईला आपली माणसं स्वतःचा कारभार करतील हे पटत नव्हतं. तिच्या तसबिरीसमोर मला दोन्ही गोष्टी एकदम आठवत राहिल्या.

तिसरा दिवस

सकाळी वाड्यामागच्या उंच झाडांमधून जुन्या ब्लेअरच्या सेंट ब्राइड चर्चपर्यंत चालत गेलो. नुसत्या भिंती उरल्यात, आत गवत. तिथल्या तळघरात राजा जेम्सच्या बाजूनं लढलेला सेनापती व्हायकाउंट डंडी पुरलेला आहे. जवळच्या किलीक्रँकीच्या खिंडीत २७ जुलै १६८९ ला त्याच्या हायलँडर लोकांनी डोंगरावरून एकदम तुटून पडून सरकारी फौज काही मिनिटांत उधळली, पण तो स्वतः गोळी लागून पडला. त्याच्या चिलखताचा छातीचा पत्रा काल वाड्यात पाहिला होता. लढाई जिंकली आणि सेनापती गेला. सिंहगड आठवणारच.

दुपारी वाड्यासमोरच्या मैदानावर अ‍ॅथॉल हायलँडर्सचं संचलन. युरोपातली एकमेव खासगी पलटण. १८४४ साली व्हिक्टोरिया राणी इथे उतरली, तेव्हा तिचा पहारा या लोकांनी केला. पुढच्या वर्षी तिनं त्यांना निशाणं दिली. तेव्हापासून हत्यार बाळगायचा मान आहे. शिपाई म्हणजे इस्टेटीवर काम करणारी किंवा इथलं नातं असलेली माणसं. पगार नाही. कालच्या दुकानातला माणूस आज किल्ट घालून रांगेत उभा होता. प्रत्येकाच्या टोपीत जुनिपरची ताजी डहाळी खोवलेली, हे मरे घराण्याचं चिन्ह. झिमझिम पाऊस होता. बॅगपाइप सुरू झाले तसा तो सूर आधी पोटात उतरला आणि मग कानात.

हे नाव मात्र आणखी जुनं आहे. १७७७ साली चौथ्या ड्यूकनं ७७ वी पलटण उभी केली, अ‍ॅथॉल हायलँडर्स याच नावानं. भरती तीन वर्षांसाठी किंवा चालू लढाई संपेतो, असा करार. १७८३ च्या जानेवारीत लढाई संपली. पलटण पोर्ट्स्मथला नेली आणि बोटीत चढायचा हुकूम आला, हिंदुस्थानात जायचं. शिपायांनी साफ नकार दिला. आम्ही करार पाळला, तुम्हीही पाळा. बंड झालं. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली आणि पलटण मोडून माणसांना घरी सोडलं. त्याच्या आदल्याच वर्षी सालबाईचा तह होऊन मराठ्यांशी लढाई थांबली होती, म्हैसूरकडे मात्र हैदर आणि टिपूशी चालू होती. या दऱ्यांतली शेतकऱ्यांची पोरं आपल्याकडे येऊन मरायची होती, ती अडून बसली म्हणून घरी परत आली. समोरच्या ओल्या रांगेकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं पाहिलं.

ड्यूक पलटणीची पाहणी करत गेले. हे बारावे ड्यूक, ब्रूस मरे. राहतात दक्षिण आफ्रिकेत, तिथेच जन्मले. या संचलनासाठी इथे येतात. आठवे, नववे, दहावे असे लागोपाठ तीन ड्यूक निपुत्रिक गेले. पहिल्या महायुद्धानंतर कर आणि कर्ज यांनी इस्टेट बुडत चालली होती. १९३६ मध्ये वाडा तिकीट लावून लोकांना खुला केला, असं करणाऱ्या पहिल्या घरांपैकी हे एक. दहाव्या ड्यूकची आई काउड्रे घराण्यातली, मेक्सिकोच्या तेलावर श्रीमंत झालेलं घर, त्या पैशानं तोल सावरला. १९९६ च्या फेब्रुवारीत मरायच्या थोडं आधी दहाव्या ड्यूकनं वाडा आणि बहुतेक जमीन एका धर्मादाय ट्रस्टच्या नावे केली. पदवी दूरच्या भाऊबंदाकडे आफ्रिकेत गेली, घर ट्रस्टकडे राहिलं.

म्हणजे मैदानात पाहणी करणारा माणूस अ‍ॅथॉलचा ड्यूक आहे, आणि पाठीमागचा वाडा त्याचा नाही. भाचा म्हणाला, “मावशी, मग हा पाहुणाच की!” मला पाहुणा वाटला नाही. तो भिजत होता, रांगेतल्या प्रत्येकासमोर थांबत होता, आणि माणसं त्याच्याकडे ओळखीनं बघत होती. घराशी नातं ठेवायला उताऱ्यावर नाव लागतंच असं नाही, हे मला तेव्हा फार जवळून दिसलं.

चौथा दिवस

भाच्यानं गावातून दोन सायकली भाड्यानं आणल्या. ग्लेन टिल्ट म्हणजे वाड्याच्या मागून ईशान्येला सरळ कापत गेलेली दरी, खाली टिल्ट नदी. फॉरेस्ट लॉजपर्यंत तेरा किलोमीटर, गाड्यांना बंदी. उतारांवर निळी ब्लूबेल फुलं, वर हेदरच्या झुडपांची करडी रानं.

ही शिकारीची दरी. १५६४ मध्ये स्कॉट्सची राणी मेरी आली होती, तेव्हा दोन हजार हाकाऱ्यांनी रान घेरलं आणि ३६० हरणं व ५ लांडगे मारले गेले. वाटेत ठिकठिकाणी गवतात दगडांचे चौथरे दिसतात. ती घरं होती. या दरीत एके काळी दाट वस्ती होती. माणसं गेली, रान हरणांसाठी राखलं. वाड्यात झाडांवर आणि शिंगांवर भरभरून वाचायला मिळतं, या चौथऱ्यांपाशी एक पाटीसुद्धा मला दिसली नाही. एका चौथऱ्यात मी उतरले. चूल कुठे असेल ते कळत होतं. दोन दगड काळे होते.

१८४७ साली एडिनबराचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फर विद्यार्थ्यांना घेऊन ब्रेमारकडून ही दरी उतरत आले. सहाव्या ड्यूकच्या माणसांनी वाट अडवली. गंमत अशी वाटेल, पण यातून कोर्टात मोठी लढाई झाली आणि ही वाट लोकांची आहे असा निकाल लागला. स्कॉटलंडमध्ये चालण्याच्या हक्काची मुळं अशा भांडणांत आहेत. २००३ च्या कायद्यानं तर जबाबदारीनं वागणाऱ्या कुणालाही मोठ्या इस्टेटींमधून फिरता येतं. आम्ही कुणालाही न विचारता सायकल हाकत होतो ती त्या लोकांच्या पुण्याईवर.

फॉरेस्ट लॉजजवळ नदीच्या पात्रात उतरलो. १७८५ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन इथे ड्यूकचा पाहुणा म्हणून आला होता. त्या काळी मानत, की ग्रॅनाइट हा सगळ्यात आधीचा खडक, आदिसागरात साका बसून झालेला. हटनचं म्हणणं होतं, तो वितळलेल्या रसापासून झाला. इथे पात्रात त्याला काळपट खडकाच्या फटीफटींत घुसलेल्या तांबड्या ग्रॅनाइटच्या शिरा दिसल्या. आधी असलेल्या खडकात नंतर शिरलेला रस! तो इतका हरखला, की बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं याला सोन्याचांदीची शीर सापडली. पाण्यानं घासून गुळगुळीत झालेल्या खडकावर मी पाणी शिंपडलं तशा रेघा उजळल्या, काळ्या पाटीवर कुंकू ओढल्यासारख्या. आमचा सगळा सह्याद्री लाव्हाचा थिजलेला रस आहे हे आम्ही शाळेत सहज शिकलो. त्या समजेचा एक धागा या थंड पाण्यात आहे. मी गुडघे दुखेपर्यंत तिथे बसून होते.

परतताना माझ्या सायकलची चेन निसटली. भाचा पुढे गेलेला. काळ्या हातांनी ती बसवली, तोवर समोरच्या उतारावर तांबड्या हरणांचा कळप येऊन उभा राहिला होता.

पाचवा दिवस

सकाळी टॅक्सीनं ब्रुआरच्या धबधब्यावर. १७८७ मध्ये रॉबर्ट बर्न्स हा कवी इथे आला, तेव्हा दोन्ही काठ उघडेबोडके होते. त्यानं ब्रुआरच्या पाण्याच्या वतीनंच ड्यूकला कवितेतून विनंती केली, की माझ्या काठांवर झाडं लाव, सावली कर. ड्यूकनं लावली. चौथा ड्यूक, लार्चवालाच. बर्न्स १७९६ मध्ये गेला, त्याला ती सावली बघायला मिळाली नाही. तेव्हाची झाडंही आता नाहीत, तोडली गेली, पुन्हा लावली गेली. पुलावर उभं राहिलं की पाणी खोल खाली, आणि वरून लार्च आणि पाइन दोन्हीकडून वाकलेले.

दुपारी स्टेशनवर आलो. प्रत्येक गाडी ब्लेअर अ‍ॅथॉलला थांबत नाही, आमच्या गाडीला पाऊण तास होता. बाकावर बसले. झाडांच्या वर तोच पांढरा बुरूज.

दादाला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होत आली होती, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

“दादा, गवंडी सांगून ठेवलास का?”

“कशाला सांगू? कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना.”

“सांग. माझ्या वाट्याचे आज पाठवते. जे देणार नाहीत त्यांचंही तूर्त मी धरते.”

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, “माजघराचे दोन वासे बदलावे लागतील गं.”

“बदल. जुने टाकू नकोस, मी आल्यावर बघेन.”

गाडी आली. भाच्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या.